विश्लेषण : उसाला खत किती? एआयने अंदाज करावा की हिशेब?

शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात, भीमा नदीच्या पट्ट्यात मांडवगण फराटा हे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. दोन्हीकडे उसाचे मळे आणि दोन्हीकडे शेतकऱ्याच्या खिशात स्मार्टफोन. ‘आडसाली उसाला युरिया किती टाकू?’ हा प्रश्न पूर्वी कृषी सहायकाला, कृषी सेवा केंद्रातल्या दुकानदाराला किंवा बांधाला बांध असलेल्या जाणत्या शेतकऱ्याला विचारला जायचा. आता तो फोनलाही विचारता येतो. फोन काही सेकंदांत, स्वच्छ मराठीत, ठाम उत्तर देतो. ते उत्तर यंत्राने हिशेब करून दिले की अंदाजाने, हे मात्र स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

याच प्रश्नावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात सध्या मोठे काम सुरू आहे. उदाहरणांतून शिकणारे न्यूरल नेटवर्क आणि नियमांनी चालणारे तर्कशास्त्र एकत्र आणण्याच्या या पद्धतीला ‘न्यूरो-सिम्बॉलिक एआय’ म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातला मुद्दा शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. तो समजून घेऊ.

चूक किती महाग पडू शकते?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश द्यावे लागते. पूर्वहंगामी उसासाठी नत्र ३४० किलो आहे, तर सुरू उसासाठी २५० किलो. लागवडीचा हंगाम बदलला की मात्रा बदलते, कारण पीक शेतात किती महिने उभे राहणार हे बदलते.

आता आकडे मांडून पाहू. युरियात ४६ टक्के नत्र असते. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे असे धरले, तर ४०० किलो नत्रासाठी हेक्टरी सुमारे ८७० किलो युरिया लागतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे एकरी साधारण ३५० किलो, ४५ किलोच्या आठ गोण्यांच्या आत.

यंत्राने हेक्टरचा आकडा एकराचा म्हणून सांगितला, तर शेतकरी एकरात १९ गोण्या ओतेल. सुरू उसाला आडसालीची मात्रा सांगितली, तर दीडपटीहून जास्त नत्र जाईल. पैसा वाया जातो, ऊस माजतो, लोळतो, कीड-रोगाला आमंत्रण मिळते आणि जमीन बिघडते ते वेगळेच. उत्तराची भाषा मात्र दोन्ही वेळा तितकीच गोड आणि ठाम असते.

यंत्र असे का चुकते?

आज ज्याला आपण चॅटबॉट म्हणतो, त्याच्या पोटात न्यूरल नेटवर्क असते. कोट्यवधी वाक्ये वाचून ते एकच गोष्ट शिकते : या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. ‘आडसाली उसाला’ या शब्दांच्या आसपास ‘४००’, ‘नत्र’, ‘किलो’ हे शब्द वारंवार आले असतील, तर तेच पुढे येतात. ‘हेक्टर’ आणि ‘एकर’ हे दोन्ही शब्दही तशाच जागी येत असतात. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही शब्द शोभतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात अडीच पटींचा फरक आहे.

याचा अर्थ न्यूरल नेटवर्क निकामी आहे असा नाही. त्याची खरी ताकद ओळखण्यात आहे. पानाच्या फोटोवरून तांबेरा ओळखणे, वाऱ्याच्या आवाजात बोललेले वाक्य समजणे, ‘पावणेदोन एकर’ आणि ‘सत्तर गुंठे’ एकच आहेत हे बोलण्यातून पकडणे, अशी कामे नियम लिहून करून घेणे जवळपास अशक्य होते. २०१२ मध्ये ‘ॲलेक्सनेट’ या नेटवर्कने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत जुन्या पद्धतींना मोठ्या फरकाने मागे टाकले आणि तेव्हापासून या तंत्राचे दिवस पालटले.

जाणता शेतकरी पिकाकडे नुसते पाहून ‘काहीतरी बिनसलंय’ म्हणतो, ती नजर म्हणजे न्यूरल नेटवर्क. पण त्याच शेतकऱ्याला कारखान्याचे बिल तपासायचे असेल, तर तो नजरेने तपासत नाही. कागद-पेन घेऊन बेरीज-वजाबाकी करतो.

मग नियमांचे यंत्र का मागे पडले?

गंमत म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरुवात या कागद-पेनाच्या बाजूनेच जोरात झाली होती. १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथे झालेल्या परिषदेत या विषयाला नाव मिळाले. त्या पिढीतल्या अनेकांचा विश्वास होता की, विचार म्हणजे चिन्हे आणि त्यांवर चालणारे नियम. ‘असे असेल, तर तसे कर.’

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती काहीशे नियमांच्या आधारे सुचवत असे. तिचा एक गुण आजच्या चॅटबॉटमध्येही दुर्मीळ आहे. ‘हा प्रश्न का विचारतेस?’ असे डॉक्टरने विचारले, की ती कोणता नियम लावत आहे ते दाखवायची.

तरीही अशा प्रणाली रोजच्या वापरात टिकल्या नाहीत. प्रत्येक नियम माणसाने बसून लिहावा लागे. जग बदलले की नियम शिळे होत. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे या यंत्रांना डोळे नव्हते. पान पिवळे आहे हे कोणीतरी टाइप करून सांगितल्याशिवाय त्यांना ते कळत नसे.

थोडक्यात, एका यंत्राला नजर आहे पण हिशेब नाही. दुसऱ्याला हिशेब आहे पण नजर नाही.

दोघांची सांगड कशी घालतात?

कल्पना नवी नाही. १९४३ मध्ये मॅकलॉक आणि पिट्स यांनी मेंदूतील पेशीचे पहिले गणिती प्रारूप मांडले, तेव्हा त्यांनी ती पेशी तर्काच्या ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या क्रिया करू शकते असेच दाखवले होते. पुढे दोन्ही प्रवाह वेगळे झाले. आता ते पुन्हा जवळ येत आहेत.

सांगड घालण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली : नेटवर्कने ओळखायचे आणि नियमांनी ठरवायचे. बोललेल्या प्रश्नातून ‘पीक ऊस, हंगाम आडसाली, क्षेत्र पावणेदोन एकर’ एवढे नेटवर्क काढते. पुढचा गुणाकार नियमांचे यंत्र करते. आकडा तक्त्यातून येतो, अंदाजातून नाही.

दुसरी : नेटवर्कने सुचवायचे आणि तर्काने तपासायचे. सूचना नियमात बसली तरच ती पुढे जाते, नाहीतर परत फिरते.

तिसरी : नेटवर्क शिकत असतानाच त्याला त्या विषयातले माणसाचे ज्ञान नियमांच्या रूपात द्यायचे. म्हणजे सगळे शून्यातून शिकावे लागत नाही आणि कमी उदाहरणांत काम भागते.

हे कुठे जमले आहे?

दुसऱ्या पद्धतीचे सर्वात गाजलेले उदाहरण गुगल डीपमाइंडचे ‘अल्फाजॉमेट्री’. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या धर्तीवरील भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी २५ प्रश्न त्याने सोडवले. आधीच्या सर्वोत्तम पद्धतीला १० सुटले होते.

त्याची रीत शाळेतल्या भूमितीसारखी आहे. प्रमेय अडले की सर सांगतात, ‘इथे एक रेषा काढून बघ.’ ती रेषा कुठे काढायची हे सुचणे म्हणजे नजर. ते काम नेटवर्क करते. रेषा काढल्यावर कोणता कोन कोणाइतका, हे पायरी-पायरीने सिद्ध करणे म्हणजे तर्क. ते काम नियमांचे इंजिन करते. नेटवर्कने चुकीची रेषा सुचवली तरी बिघडत नाही, कारण सिद्धता पूर्ण झाल्याशिवाय उत्तर बाहेरच पडत नाही.

तिसऱ्या पद्धतीचे काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले आहे. बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील तीर्थराज दाश आणि अश्विन श्रीनिवासन यांनी टीसीएस रिसर्चच्या लवकेश विग यांच्यासोबत २०२१ मध्ये ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रेणूची रचना पाहून तो औषधासाठी उपयोगी पडेल का, हे ओळखणाऱ्या नेटवर्कला त्यांनी रसायनशास्त्रातले ज्ञान तर्काच्या भाषेत दिले. रेणूमध्ये अमुक प्रकारचे कडे आहे, दोन कडी एकमेकांना जोडलेली आहेत, अशा स्वरूपाची ती माहिती होती. ७० हून अधिक माहितीसंचांवर तपासल्यावर हे ज्ञान दिलेली नेटवर्क एकूणात सरस ठरली. हाताशी उदाहरणे थोडी आणि तज्ज्ञांचे ज्ञान भरपूर, अशा क्षेत्रांसाठी ही रीत महत्त्वाची आहे. शेती हे तसेच क्षेत्र आहे.

उसाच्या फडात याचा काय उपयोग?

एक उदाहरण घेऊ. उसाची पाने पिवळी-पांढरी पडली आहेत. शेतकरी फोटो काढतो. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते किंवा गवताळ वाढ या रोगाचेही. पहिल्यात फेरस सल्फेट द्यायचे असते. दुसऱ्यात रोगट बेट मुळासकट उपटून नष्ट करायचे असते. एकात पीक वाचवायचे, दुसऱ्यात काढून टाकायचे. उपाय अगदी उलटे.

नुसते नेटवर्क फोटो पाहून एक नाव सांगून मोकळे होईल. नियमांची जोड असलेले यंत्र आधी दोन-तीन प्रश्न विचारील. जमीन चुनखडीची आहे का? पिवळेपणा कोवळ्या पानांत आहे आणि शिरा हिरव्या आहेत का? बुंध्याजवळ गवतासारखे बारीक, फिकट फुटवे भरपूर आले आहेत का? उत्तरांनुसार निदान ठरेल आणि ‘हे का सांगितले’ तेही दाखवता येईल. उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर यंत्र ‘नक्की सांगता येत नाही, कृषी सहायकाला दाखवा’ असे म्हणेल. ‘माहीत नाही’ म्हणता येणे हा यंत्राचा दोष नाही, तो गुण आहे.

दुसरे उदाहरण उसाच्या बिलाचे. २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये जास्त. उतारा तितकाच घटला की तेवढेच कमी, मात्र ९.५ टक्के वा त्याखाली दर ३२९.०५ रुपयांवर स्थिर. म्हणजे ११.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज, ही तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. एक लाख रुपये ३० दिवस थकले, तर व्याज सुमारे १,२३३ रुपये होते.

इथे ‘अंदाजे’ या शब्दाला जागाच नाही. हा नियम आहे, तो तंतोतंत लागला पाहिजे. बिलाचा फोटो वाचण्याचे काम नेटवर्कने करावे. हिशेब मात्र नियमाने व्हावा आणि त्याची प्रत्येक पायरी शेतकऱ्याला दिसावी. दर हंगामात बदलला की नेटवर्कला पुन्हा शिकवत बसायचे नाही, तक्त्यातला एक आकडा बदलायचा.

बिबट्याच्या इशाऱ्याचे काय?

या पट्ट्यात एआयचा प्रश्न केवळ पैशांचा नाही. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो. उसात लपायला जागा मिळत असल्याने बिबट्या इथे वस्तीच्या अगदी जवळ आला आहे. २०२४ मध्ये मांडवगण फराटा परिसरात, तर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्यू झाले. त्यांत लहान मुले होती. बिबट्या दिसताच भोंगा वाजवणारे एआय कॅमेरे हा त्यावरच्या उपायांपैकी एक मानला जातो.

कॅमेऱ्यामागचे नेटवर्क चित्र पाहून शक्यता सांगते : बिबट्या असण्याची शक्यता इतकी टक्के. आता भोंगा कधी वाजवायचा? प्रत्येक कुत्र्याला, मांजराला वाजला तर आठवड्याभरात लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतील. फारच खात्री पटल्यावर वाजवायचा ठरवला, तर नको तेव्हा गप्प राहील.

इथे नियमांची जोड उपयोगी पडू शकते. सलग काही चित्रांत तोच प्राणी दिसला का, तो वस्तीकडे येतो आहे का, मुलांची शाळेत ये-जा करण्याची वेळ आहे का, त्या भागाला शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असल्याने माणसे पाणी धरायला शेतात आहेत का? या गोष्टी नेटवर्कला चित्रात दिसत नाहीत, पण गावाला आणि महावितरणच्या वेळापत्रकाला माहीत असतात. शक्यता मध्यम पण वेळ धोक्याची, तर आधी वन कर्मचाऱ्याला आणि त्या वस्तीला फोन. शक्यता जास्त, तर थेट भोंगा. असा नियम ग्रामसभेत वाचून दाखवता येतो आणि त्यावर हरकतही घेता येते. नेटवर्कच्या आतल्या लाखो आकड्यांवर कोणी हरकत कशी घेणार?

पण नियम तरी बरोबर असतात का?

नेहमीच नाही. तर्काची बाजू घेताना हे विसरून चालणार नाही. पीएम-किसानचे पैसे जमीन नावावर असलेल्यालाच मिळतात. वाट्याने किंवा खंडाने शेती करणारा त्यात बसत नाही आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्रीही बसत नाही. यंत्राने हा नियम कितीही अचूक लावला, तरी राबणारा माणूस बाहेरच राहतो. चुकीचा नियम यंत्राच्या हाती दिला, तर तो न थकता, न ओशाळता हजारो लोकांना लागू होतो.

दुसरी अडचण खर्चाची. नियम लिहायला, पडताळायला आणि दर हंगामाला दुरुस्त करायला माणसे लागतात. कृषी विद्यापीठे, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडे हे ज्ञान आहे, पण त्यातले बरेचसे पुस्तिका आणि तक्त्यांत आहे. ते यंत्राला लावता येईल अशा स्वरूपात मांडणे हे चकचकीत काम नाही. ॲपच्या उद्घाटनाला फोटो निघतो, तक्ता दुरुस्त करणाऱ्याचा निघत नाही.

तिसरी गोष्ट, नेटवर्कने सुरुवातीलाच चुकीचे ओळखले, तर पुढचा तर्क कितीही शुद्ध असला तरी उत्तर चुकणार. ‘सुरू’ हे हंगामाचे नाव आहे की ‘चालू’ या अर्थाचा शब्द, हे मराठी न समजणाऱ्या यंत्राला कळणार नाही. म्हणून ‘तुम्ही सुरू हंगामातला ऊस म्हणताय ना?’ असे उलट विचारून खात्री करणे आवश्यक आहे.

मग आपण काय मागायचे?

पैसा आणि इच्छा, दोन्हींची चाहूल दिसते आहे. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ ॲप आले आहे. पीएम-किसानच्या शंकांसाठी केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ पासून सुरू आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाची जोड घेऊन उसात केलेल्या प्रयोगाची दखल खुद्द सत्या नडेला यांनी घेतली. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हे सगळे फार लांबचे राहिलेले नाही.

म्हणूनच आत्ताच तीन गोष्टी मागायला हव्यात. सरकारी पैशातून बनणाऱ्या प्रत्येक कृषी एआयने खताची मात्रा, औषधाचे प्रमाण, दर, व्याज आणि पात्रता हे आकडे प्रमाणित तक्त्यातून आणि नियमातूनच द्यावेत. उत्तराखाली कोणत्या शिफारशीवरून आणि कोणत्या हिशेबाने ते आले, हे मराठीत दिसावे. आणि ते नियम सर्वांना वाचायला खुले असावेत, चूक दाखवल्यास दुरुस्त करणारा जबाबदार अधिकारी ठरलेला असावा.

तोपर्यंत वाचकाने एक सवय लावून घ्यायला हरकत नाही. फोनने आकडा सांगितला, की ‘हा एकरी की हेक्टरी? कोणत्या हंगामाचा? कोणाच्या शिफारशीचा?’ असे उलट विचारावे. उत्तर पटण्यासारखे आले, तरी एकदा विद्यापीठाच्या तक्त्याशी ताडून पाहावे.

एआय कितीही हुशार झाले तरी चुकीच्या गोणीचे पैसे ते भरणार नाही. ते शेतकरीच भरणार आहे. मग हिशेब पाहण्याचा हक्कही त्याचाच असायला हवा.